काळ्या पट्ट्याचे प्रामाण्य
(मीरा-भाईंदरच्या निमित्ताने तायक्वांदोतील श्रेणीपरीक्षेची चिकित्सा)

१

मुंबईची हद्द दहिसरला संपते आणि तेथूनच मीरा-भाईंदर महानगरपालिकेची हद्द सुरू होते. सायंकाळी या शहरातील शाळांच्या पटांगणांतून, गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतून व भाड्याने घेतलेल्या सभागृहांतून पांढऱ्या गणवेशातील मुलामुलींच्या रांगा दृष्टीस पडतात. त्यांच्या कमरेचे पट्टे पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा अशा क्रमाने पालटत जातात आणि या क्रमाच्या शेवटी काळा पट्टा असतो. तो मिळाला की घरी पेढे वाटले जातात, पट्ट्यासह छायाचित्र काढले जाते आणि परदेशातून आलेले प्रमाणपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले जाते. मुलांची इतकी वर्षे व पालकांचा इतका पैसा ज्या एका कागदापाशी येऊन ठेपतो, तो कागद नेमके काय सिद्ध करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. पुष्कळ पालक मुलींना या वर्गांत धाडतात ते स्वसंरक्षणासाठी. प्रसंग पडलाच तर आपल्याला प्रतिकार करता येईल, हा विश्वास त्या मुलीला पट्ट्यामुळे वाटू लागतो. हा विश्वास अनाठायी असेल तर पट्टा नसलेला बरा, कारण सावध माणूस पळून तरी जातो. शिवाय जो शिक्षक कच्च्या विद्यार्थ्याला वर्षभर थांबवून ठेवतो, त्याचा वर्ग ओस पडतो व शेजारचा, लवकर पट्टा देणारा वर्ग भरतो. तेव्हा श्रेणीची कसोटी खरी की पोकळ, यावर विद्यार्थ्याची सुरक्षितता व प्रामाणिक शिक्षकाची उपजीविका या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

ज्ञानाचा खरेपणा ज्ञानातच असतो की तो बाहेरून सिद्ध व्हावा लागतो, हा मीमांसक व नैयायिक यांच्यातील जुना वाद. मीमांसकांचा पक्ष स्वतःप्रामाण्याचा, तर नैयायिकांचा परतःप्रामाण्याचा. दूरवर पाणी दिसले. ते पाणी की मृगजळ, याचा निर्णय नैयायिकांच्या मते तेथवर जाऊन तहान भागली म्हणजे होतो. काळ्या पट्ट्याचे प्रामाण्य हे अर्थातच परतः होय. पट्टा खरा कशावरून, तर प्रमाणपत्रावरून. प्रमाणपत्र खरे कशावरून, तर शिफारशीवरून. शिफारस खरी कशावरून, तर शिफारस करणाऱ्याच्या वरच्या श्रेणीच्या प्रमाणपत्रावरून. या साखळीत प्रत्यक्ष पाणी पिऊन पाहण्याचा प्रसंग नेमका कोठे येतो, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

काळ्या पट्ट्यावरील श्रेणींना ज्या शब्दाने ओळखतात त्याचा मूळ अर्थ ‘पायरी’ असा आहे. कोरियन व जपानी उच्चाराला जवळचे रूप लिहावयाचे तर ते ‘दान’ असे होईल. मराठीत तसे लिहिल्यास अर्थच पालटतो, म्हणून येथे रूढ असलेले ‘डॅन’ हेच रूप स्वीकारले आहे. ज्या व्यवस्थेची पुढे चिकित्सा करावयाची आहे तिच्यात काही वेळा तो पालटलेला अर्थच अधिक समर्पक ठरतो, ही गोष्ट अलाहिदा.

ही श्रेणीपद्धती युद्धकलेत जन्मलेली नाही. सतराव्या शतकात जपानमध्ये ‘गो’ या पटावरील खेळातील खेळाडूंची प्रतवारी होनइन्बो दोसाकू याने पायऱ्यांनी लावली. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. १९२४ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी हीच पद्धती कराटेत आणली. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता. त्या काळात कराटे शिकलेल्या कोरियन तरुणांनी स्वातंत्र्यानंतर सेऊलमध्ये निरनिराळ्या शाळा काढल्या. या प्रत्येक शाळेची श्रेणी वेगळी आणि परीक्षाही वेगळी. १९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आले, १९६१ मध्ये या शाळांची एक संघटना झाली, आणि १९७२ मध्ये सेऊल येथे ‘कुक्कीवॉन’ ही केंद्रीय संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये जागतिक महासंघाची स्थापना झाली. भारतात ही कला आली ती याच दशकात.

त्याआधीच, १९६६ मध्ये, जनरल चोई होंग ही यांनी आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला होता. त्या परंपरेतील २४ आकृतिबंधांना ‘तुल’ म्हणतात. कुक्कीवॉनच्या परंपरेत त्यांच्या जागी ‘पूमसे’ आहेत. चोई २००२ मध्ये वारले आणि त्यांच्या महासंघाचे त्यांच्या निधनाच्या सुमारास तीन तुकडे झाले. म्हणजे ‘तायक्वांदोचा काळा पट्टा’ असा एकच एक पदार्थ जगात नाही. रंग एकच, नाव एकच, परंतु त्यामागील अभ्यासक्रम व अधिकार भिन्न आहेत. भाईंदरमधील पालकाला हा भेद पट्ट्याकडे पाहून कळण्याचा काहीच मार्ग नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिला डॅन म्हणजे पहिली पायरी. त्याआधीचे रंगीत पट्टे हे उंबरठ्याबाहेरचे अंगण होय. जनमानसात मात्र पहिला डॅन म्हणजे कळस, अशी समजूत रूढ आहे. मुले काळा पट्टा मिळताच वर्ग सोडतात याचे एक कारण हेच. दुसरी गोष्ट अशी की, केंद्रीय प्रमाणपत्राची गरज निर्माण झाली ती अनेक शाळांच्या अनेक मापांमुळे. कुक्कीवॉनने नवी कसोटी शोधली असे म्हणण्यापेक्षा अनेक नाणी बंद करून एका टांकसाळीचे नाणे चालू केले, असे म्हणणे अधिक योग्य होय. नाण्याचे रूप एक झाले. धातूचा कस एक झाला की नाही, हे निराळे पाहावे लागते.

३

कुक्कीवॉनच्या नियमांतील सर्वांत रेखीव भाग कालमर्यादेचा आहे. पहिल्या डॅनसाठी किमान वय १५ वर्षे. तेथून दुसऱ्यासाठी १ वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी २, चौथ्यासाठी ३, पाचव्यासाठी ४, सहाव्यासाठी ५ व सातव्यासाठी ६ वर्षांचे अंतर असावे लागते. आठव्यासाठी ८ आणि नवव्यासाठी ९ वर्षे. बेरीज केली तर पहिल्यापासून नवव्या डॅनपर्यंतचे अंतर ३८ वर्षांचे भरते, आणि १५ व्या वर्षी निघालेला साधक नवव्या डॅनला लवकरात लवकर ५३ व्या वर्षी पोहोचतो. या योजनेत एक प्रौढ समज आहे, हे मान्य केले पाहिजे. वरची पायरी जसजशी जवळ येते तसतसा धीर वाढवावा लागतो, ही शिकवण कोणत्याही विद्येला शोभणारी आहे.

१५ वर्षांखालील मुलांसाठी ‘पूम’ ही वेगळी श्रेणी आहे. तिचा पट्टा अर्धा तांबडा व अर्धा काळा असतो, आणि मूल वयात आले म्हणजे पूमचे रूपांतर डॅनमध्ये करून घेता येते. लहान मुलाचे कौशल्य मान्य करावयाचे, पण त्याला प्रौढाच्या पंक्तीला बसवावयाचे नाही, असा हा विवेक आहे. मीरा-भाईंदरसारख्या शहरात शिकणारे बहुतेक मुलेच असल्याने हा भेद कटाक्षाने पाळला जाणे अगत्याचे होते. व्यवहारात नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा सत्कार ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणूनच होतो. प्रमाणपत्रावर ‘पूम’ असे छापलेले असते, परंतु तो शब्द वाचणारा घरात कोणी नसतो. येथे दोष नियमाचा नाही. नियम समजावून सांगण्याचे ज्यांचे काम, त्यांचा तो आहे.

तथापि खुद्द नियमाविषयीही एक आक्षेप राहतोच. कालमर्यादा पंचांग मोजते, साधना मोजत नाही. चार वर्षे रोज घाम गाळणारा आणि चार वर्षे घरी बसून परीक्षेपुरता उगवणारा, हे दोघेही तारखांच्या दृष्टीने सारखेच पात्र ठरतात. मग नियमांत काळावर एवढा भर का? उत्तर सोपे आहे. हजारो कोसांवरून जे तपासता येते तेच केंद्र तपासते: उमेदवाराची जन्मतारीख, मागील प्रमाणपत्राची तारीख व क्रमांक, शिफारस करणाऱ्याची श्रेणी आणि शुल्क. उमेदवाराची लाथ कागदावर उमटत नाही. जे मोजता येत नाही ते स्थानिक परीक्षकावर सोपवावे लागते, आणि जे मोजता येते त्याला हळूहळू ‘मानक’ हे नाव मिळते. पाहता पाहता मानक म्हणजे पात्रतेच्या अटी, असाच अर्थ रूढ होतो आणि गुणवत्ता हा मूळ विषय बाजूला पडतो.

४

या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होण्यास विद्यापीठाशी तुलना उपयोगी पडेल. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. आरंभी ते मुळी शिकवीतच नसे. शिकविणे महाविद्यालयांचे काम, परीक्षा घेणे विद्यापीठाचे. या रचनेवर पुढे पुष्कळ टीका झाली. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे यंत्र, असा तिचा उपहासही झाला. परंतु तिच्यात एक गुण होता. ज्याने शिकविले त्यानेच उत्तीर्ण ठरवावयाचे, हा प्रसंग तिने टाळला. १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेत बसलेल्यांपैकी थोडेच उत्तीर्ण झाले, आणि त्या थोड्यांच्या पदवीला समाजात जे वजन आले ते बरेचसे या अनुत्तीर्णांमुळेच आले.

तायक्वांदोची जागतिक रचना बाह्यतः अशीच दिसते: मध्यभागी एक प्रमाणपत्र देणारी संस्था आणि भोवती देशोदेशींचे वर्ग. कामाची वाटणी मात्र नेमकी उलटी आहे. कोरियाबाहेर प्राथमिक डॅनच्या परीक्षा बहुधा स्थानिक संघटना अथवा चौथ्या डॅनचे व त्यावरील पात्र प्रशिक्षक घेतात व निकालाची शिफारस पाठवितात. केंद्र कागदपत्रे तपासून प्रमाणपत्र देते. म्हणजे येथे ‘महाविद्यालय’ परीक्षा घेते आणि ‘विद्यापीठ’ पदवीपत्र छापते. प्रमाणपत्रावरील क्रमांक कुक्कीवॉनच्या नोंदवहीत पडताळून पाहता येतो, ही सोय निःसंशय चांगली आहे आणि तिच्यामुळे बनावट कागद ओळखता येतो. परंतु कागद अस्सल असणे आणि विद्या अस्सल असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पडताळणीने पहिलीची खात्री होते, दुसरीची नाही.

भारतीय कायद्यानेही येथे आधार मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमान्वये ‘पदवी’ देण्याचा अधिकार विद्यापीठांपुरता व कायद्याने तो दिलेल्या संस्थांपुरता मर्यादित आहे. ‘काळा पट्टा’ या शब्दाला असे कोणतेही कुंपण नाही. कोणीही, कोणालाही, कोणत्याही परीक्षेनंतर अथवा परीक्षेवाचून काळा पट्टा बांधू शकतो.

सर्वोच्च पातळीवरील वर्तनानेही या श्रेणीचे गांभीर्य वाढलेले नाही. व्लादिमीर पुतिन यांना नोव्हेंबर २०१३ मध्ये जागतिक महासंघाने सन्मान्य नववा डॅन दिला व युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये तो काढून घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कुक्कीवॉनच्या अध्यक्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांना तोच सन्मान दिला. विद्यापीठेही सन्मान्य पदव्या देतात, हे खरे. पण विद्यापीठाची सन्मान्य पदवी घेतलेला गृहस्थ शस्त्रक्रिया करू लागत नाही, आणि तसे त्याने करावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. ज्या पायरीवर चढण्यास खऱ्या साधकाला ३८ वर्षे लागतात ती एका भेटीत देता येते, एवढेच या प्रसंगांतून सामान्य विद्यार्थ्याला कळते. पूर्वीच दर्शविलेला ‘दान’ या शब्दाचा मराठी अर्थ येथे पुरता लागू पडतो.

५

आता खुद्द परीक्षेकडे वळावे. तिची मुख्य अंगे तीन: पूमसे, क्योरुगी म्हणजे दोघांमधील लढत, आणि क्योक्पा म्हणजे फळी किंवा तत्सम वस्तू फोडणे. वरच्या डॅनसाठी प्रबंधाचीही अपेक्षा असते.

पूमसे म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या हालचालींची ठरीव मालिका. पहिल्या डॅनपर्यंतच्या अभ्यासात ‘तेगुक’ मालिकेतील आठ पूमसे येतात, व त्यांचा संबंध चिनी परंपरेतील आठ त्रिरेखाचिन्हांशी जोडलेला आहे. पूमसेचे मोजमाप करता येत नाही, अशी सबब पूर्वी पुढे करता येत असे. आता ती टिकणार नाही. २००६ पासून पूमसेच्या जागतिक स्पर्धा होत आहेत आणि त्यांच्या गुणदानात अचूकतेला ४ व सादरीकरणाला ६ असे एकूण १० गुण धरून लहान चुकीला एक दशांश व मोठ्या चुकीला तीन दशांश गुण वजा करण्याची पद्धत प्रस्थापित झाली. म्हणजे माप उपलब्ध आहे. स्पर्धेत जे माप सर्वांसमक्ष लावले जाते ते श्रेणीपरीक्षेत उमेदवाराला लेखी का कळविले जाऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

लढतीच्या बाबतीत हा विरोध अधिकच ठळक आहे. तायक्वांदो १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून व २००० पासून पदकांचा खेळ म्हणून आला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याची लाज चव्हाट्यावर आली. सारा स्टीव्हन्सन हिच्या लढतीचा निकाल चित्रफीत पाहून फिरवावा लागला, आणि क्यूबाच्या आंखेल मातोस याने पंचालाच लाथ मारली. त्यानंतर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आघाताची नोंद घेणारी विद्युत-कवचे आली आणि चित्रफितीच्या आधारे दाद मागण्याची सोयही झाली. विद्युत-कवचांमुळे लढतीचे सौंदर्य गेले, पाय नुसता टेकविण्याकडे कल वाढला, अशी तक्रार जाणकार करतात व तीत तथ्य आहे. तरीही पंचाच्या मर्जीवर निकाल सोडावयाचा नाही, हे तत्त्व खेळाने स्वीकारले. श्रेणीपरीक्षेने ते स्वीकारलेले नाही. परीक्षेतील लढत पुष्कळदा एकाच वर्गातील, एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेल्या दोन मित्रांमध्ये लावली जाते. तीत हार-जीत ठरत नाही, आणि अनोळखी प्रतिस्पर्ध्याची जी कसोटी स्वसंरक्षणाच्या दृष्टीने मूलभूत आहे ती होतच नाही.

क्योक्पा पाहणाऱ्याला सर्वांत प्रभावित करते आणि सर्वांत कमी सिद्ध करते. लाकडाची फळी तंतूंच्या दिशेने सहज दुभंगते, तंतूंना आडवी फुटत नाही. दोन टोकांवर धरलेली फळी मोडण्यास लागणारा जोर तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. कोरडी फळी चटकन मोडते, ओलसर फळी वाकते. खाडीकाठच्या पावसाळी हवेत ठेवलेली व उन्हाळ्यात वाळविलेली फळी यांत म्हणूनच अंतर पडते. तेव्हा लाकडाचा प्रकार, जाडी, रुंदी व ओलावा सांगितल्यावाचून ‘अमुक इतक्या फळ्या फोडल्या’ हे विधान अर्थशून्य होय. परीक्षेच्या दिवशी टाळ्या मात्र याच अंगाला पडतात, आणि आईबापांच्या मनात परीक्षेची जी आठवण राहते ती या आवाजाची असते.

६

या सर्व उणिवा असूनही प्रमाणपत्राची मागणी का वाढते, याचे कारण कलेत शोधण्यापेक्षा शहरात शोधावे लागेल. मीरा-भाईंदर हे आगरांचे, मिठागरांचे व उत्तनसारख्या कोळीवाड्यांचे जुने गाव-समूह. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली व २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. वीस वर्षांत साडेचारपट झालेल्या शहरात बहुतेक माणसे बाहेरून आलेली असणार, हे सांगावयास नको. शेजारी नवा, शाळा नवी, शिक्षकही नवा. अशा ठिकाणी ‘हा गुरू कसा आहे?’ हे विचारावयाचे कोणाला?

कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे तालीम पिढ्यान्‌पिढ्या उभी असते आणि वस्तादाचे नाव त्याच्या पठ्ठ्यांवरून साऱ्या गावाला ठाऊक असते. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत मल्ल चितपट होतो किंवा करतो. त्याची लायकी सांगणारा कागद कोणी मागत नाही. १९६१ पासून दिला जाणारा ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताबसुद्धा कुस्ती जिंकूनच मिळतो, शिफारशीने नाही. निकालावर वाद होतात, कडाक्याचे होतात, परंतु ते होऊ शकतात, कारण पाहणारे पुष्कळ असतात. नैयायिकांच्या भाषेत, येथे पाणी प्रत्यक्ष पिऊन पाहिले जाते.

जेथे ओळख नाही तेथे कागद ओळखीची जागा घेतो. सेऊलची मुद्रा असलेले प्रमाणपत्र नवख्या पालकाला जो दिलासा देते तो या पोकळीतून आलेला आहे. या दिलाशात आणखी एका गैरसमजाची भर पडते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि शालान्त परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. त्यामुळे काळा पट्टाही पुढे ‘कामाला येईल’ अशी आशा धरली जाते. परंतु या सवलतींचा आधार मान्यताप्राप्त स्पर्धांमधील सहभाग व यश हा आहे. डॅनचे प्रमाणपत्र श्रेणी सांगते, स्पर्धेतील कामगिरी सांगत नाही. ही दोन प्रमाणपत्रे एकाच चौकटीत लावल्याने एक होत नाहीत.

परीक्षेने कला मरते म्हणून परीक्षाच नको, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र चूक होईल. हाच वाद महाराष्ट्राने संगीताच्या क्षेत्रात पाहिला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांच्या उंबरठ्याआड असलेली विद्या वर्गात आणली. त्यांच्या पश्चात मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा गावोगाव पोहोचल्या. विशारद झालेला प्रत्येक जण गवई होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तसा दावाही कोणी करीत नाही. ठरीव अभ्यासक्रम, बाहेरून येणारा परीक्षक, लेखी व प्रात्यक्षिक असे दोन भाग आणि नापास होण्याची खरीखुरी शक्यता, एवढ्या सामग्रीवर त्या परीक्षांनी लाखो घरांत संगीताची जाण निर्माण केली. विशारद आपल्या मर्यादेसह विश्वासार्ह ठरते. काळ्या पट्ट्यानेही आपली मर्यादा सांगितली तर तोही तसा ठरू शकेल.

७

श्रेणीपरीक्षेच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते त्यात दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला असा की, विद्यार्थ्याला त्याचा शिक्षकच खरा ओळखतो. शिस्त, संयम, दुबळ्यावर हात न उगारण्याची वृत्ती या गोष्टी कलेच्या गाभ्याच्या आहेत, आणि तासाभरासाठी आलेल्या परक्या परीक्षकाला त्या दिसणार नाहीत. हे खरे आहे. परंतु यावरून एवढेच निष्पन्न होते की, परीक्षेस बसण्याची अनुमती शिक्षकाने द्यावी. उत्तीर्ण ठरविण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असावा, हे त्यावरून सिद्ध होत नाही. अनुमती न देण्याचा अधिकार हाच गुरूचा मोठा अधिकार होय.

दुसरा मुद्दा अर्थकारणाचा. मुंबईलगतच्या शहरात सभागृहाचे भाडे भरून, महिन्याच्या माफक शुल्कावर वर्ग चालविणे कठीण असते. परीक्षाशुल्क हा मग शिक्षकाच्या उत्पन्नाचा भाग होतो, आणि मूल नापास झाले तर पालक त्याला दुसऱ्या वर्गात घालतात. शिक्षकाला दोष देऊन ही अडचण सुटत नाही. ज्या परीक्षेत नापास करणे परीक्षकाला परवडत नाही तिच्यात कोणी लबाड नसला तरी निकाल आधीच ठरलेला असतो. म्हणून सुधारणा माणसांच्या चारित्र्यापेक्षा व्यवस्थेच्या रचनेत झाली पाहिजे.

ती रचना फार खर्चाची नाही. शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क वेगळे करावे. सेऊलला जाणारी रक्कम व स्थानिक खर्च यांचा तपशील पालकांना आधी लेखी द्यावा. वसई, ठाणे व मीरा-भाईंदर येथील वर्गांनी एकमेकांचे परीक्षक बोलवावेत, म्हणजे कोणी आपल्याच विद्यार्थ्याचा निकाल लावणार नाही. लढत दुसऱ्या वर्गाच्या उमेदवाराशी लावावी. फळीचे लाकूड, जाडी व तंतूंची दिशा आधी जाहीर करावी. पूमसेच्या गुणांची पत्रिका उमेदवाराच्या हाती द्यावी. पूम व डॅन यांतील भेद समारंभाच्या दिवशी मराठीत व हिंदीत समजावून सांगावा. आणि दरवर्षी किती बसले व किती अनुत्तीर्ण झाले, हे प्रत्येक वर्गाने फलकावर लिहावे. यांपैकी एकाही गोष्टीला सेऊलची परवानगी लागत नाही.

यातील शेवटची सूचना सर्वांत कमी खर्चाची आहे आणि सर्वांत अवघड. अनुत्तीर्णांची संख्या फलकावर लिहिणे म्हणजे गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवणे. परंतु तो आकडाच पालकाला काहीतरी सांगू शकतो, कारण त्या परीक्षेत नकार मिळू शकतो हे त्यावरून कळते. एखादे मूल परीक्षेत थांबविले गेले, सहा महिने पुन्हा घाम गाळून आले व दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाले, तर त्याच्या पट्ट्याबद्दल सेऊलला विचारण्याचे कारण उरत नाही. त्याला स्वतःला ते ठाऊक असते, आणि ज्यांनी त्याला दोन्ही वेळा पाहिले त्यांनाही. नव्या शहरात ओळख अशीच तयार होते. ती तयार होईपर्यंत चौकटीतील कागदाकडे पुरावा म्हणून न पाहता एक दावा म्हणून पाहणे इष्ट होय.